ब्रेक गिळल्याचं प्रकरण

घरातली भांडणं घरात करायची नाहीत, हा मोठ्या मास्तरांचा जुना नियम. घरात माणसं जेवतात, झोपतात, तिथे आवाज चढला की खाल्लेलं अंगी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कुणाचं लग्न ठरायचं असो, मोडायचं असो, की जिन्याखालच्या जागेत कुणी काय ठेवायचं एवढाच प्रश्न असो, सगळ्यांनी खाली ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात जमायचं, शिकाऊ उमेदवारांच्या बाकांवर बसायचं आणि मोठ्या मास्तरांनी टेबलामागे बसून चुकांचा कागद पुढे ओढायचा. या कागदावर चाचणीत होणाऱ्या बावीस चुका छापलेल्या होत्या. आरसा न पाहणे, इशारा न देणे, विनाकारण क्लचवर पाय ठेवणे, अशा. माणूस संसारात चुकतो तोही या बावीसांपैकीच एखाद्या प्रकाराने चुकतो, असं मास्तर छातीठोकपणे सांगत. धाकट्या मुलीने एका प्राध्यापकाशी स्वतःचं लग्न परस्पर ठरवलं, तेव्हा त्यांनी 'इशारा न देता वळणे' यासमोर खूण केली होती आणि मग आशीर्वाद दिला होता.

त्या रविवारी दुपारी तीन वाजता वर्गात जमायचा निरोप आला, तेव्हा आत्याने जाऊन शेवटचा बाक धरला. एरवी ती पहिल्या बाकावर बसायची. तीस वर्षं ती या शाळेत बायकांच्या तुकडीला गाडी शिकवत होती आणि घरचेच काय, शिकायला येणाऱ्या बायकाही तिला आत्याच म्हणत. नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी मोठे मास्तर तिला उभं करून सांगत, "माझ्या या मुलीच्या हातून आजवर गाडीला एक ओरखडा उमटलेला नाही." बायका माना वळवून बघत, आणि आत्या दर वेळी चप्पल शोधायला बाकाखाली वाकायची. लोकांना तो विनय वाटे. पुढच्या महिन्यात मोठे मास्तर शाळा तिच्या हाती सोपवणार होते, तेही याच एका वाक्याच्या जोरावर. तिच्या पाठच्या भावाने, म्हणजे धाकट्या मास्तरांनी, त्यावर कुरकुरसुद्धा केली नव्हती. "ताईचा रेकॉर्ड साफ आहे, माझा नाही," एवढंच ते म्हणाले होते. त्यानंतर दोन दिवस आत्याला जेवण गेलं नव्हतं.

आज जमायचं कारण होतं एक कविता. ती लिहिली होती भिंगरीने. भिंगरी ही धाकट्या मास्तरांची एकुलती एक मुलगी, वय एकोणीस, पाय घरात ठरत नाही, आणि गाडीच्या चाचणीत मात्र तीनदा नापास. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता. त्यात ही कविता एका मासिकात छापून आली, शेजारी फोटो, खाली नाव, आणि संपादकांना काय बुद्धी झाली देव जाणे, त्याखाली 'ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या कुटुंबातील तरुण कवयित्री' अशी ओळख. गुरुवारी एक बाई ते मासिक गुंडाळून हातात घेऊन ऑफिसात आल्या आणि आपल्या तिन्ही मुलींची नावं बायकांच्या तुकडीतून काढून घेऊन गेल्या. ज्या घरात मुली ब्रेक गिळतात त्या घरात मी माझ्या मुली पाठवणार नाही, असं त्यांनी जाताना सुनावलं.

एवढ्यावर निभावलं असतं. पण याच कवितेमुळे भिंगरीची निवड दुसऱ्या शहरातल्या एका वर्षभराच्या लेखन-अभ्यासक्रमाला झाली होती. राहायची सोय होती, शिकवायला चांगली माणसं होती, हवी होती ती फक्त पालकाची सही, आणि फॉर्म सोमवारी सकाळी जायलाच हवा होता. पंधरा दिवसांपूर्वी धाकटे मास्तर सही करायला तयार होते, कारण तोवर त्यांनी कविता वाचलेली नव्हती. आता वाचली होती. भिंगरीने कुठेही जाऊ नये, ऑफिसच्या खिडकीत आईशेजारी बसावं आणि लर्निंग लायसन्सचे अर्ज तपासावेत, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"आधी कविता ऐकू दे," मोठे मास्तर म्हणाले.

धाकटे मास्तर उभे राहिले आणि वाहतुकीचे नियम वाचावेत तशी त्यांनी ती वाचली.

ब्रेक गिळून आम्ही निघालो,
अजून खडखडतात पोटात.
लाल दिवा सरबतासारखा घटाघटा प्यालो
आणि पिवळा खिशात घातला, वाटेत लागला तर.
पाय खिडकीबाहेर, डोकं त्याच्याही बाहेर,
वळणाला म्हटलं, आता तूच वळ.
आमच्या मागे आमचीच नंबरप्लेट धावत होती
थांबा, थांबा म्हणत.
आरशात आई दिसली.
दिसते त्याहून जवळ असते ती.
मग आभाळ संपलं
आणि आम्ही कापसात उतरलो
हसत, पांढरे, न मेलेले.

मोठ्या मास्तरांनी ऐकता ऐकता कागदावर खुणा केल्या होत्या. लाल दिवा ओलांडणे, शरीराचा भाग वाहनाबाहेर काढणे, वळणावर वेग कमी न करणे. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि दिवा खिशात घालण्याला आपल्याकडे खूण नाही, असं थोड्या नाराजीने सांगितलं.

आत्या शेवटच्या बाकावर घामाघूम झाली होती. त्या तेरा ओळींपैकी अकरा ओळी तिच्या होत्या. लिहिलेल्या नव्हत्या, घडलेल्या होत्या. चौतीस वर्षांपूर्वी, विसाव्या वर्षी, मोठे मास्तर दुपारचे झोपले असताना तिने शाळेची पहिली गाडी बाहेर काढली, तीन मैत्रिणींना घेतलं आणि टेकडीवर नेली. खाली येताना ब्रेक लागेना. चौकातला लाल दिवा गेला, पुढचा पिवळाही गेला, एका मैत्रिणीचे पाय खिडकीबाहेर होते ते आत घ्यायचं भान तिला राहिलं नाही, आणि मागची नंबरप्लेट एका स्क्रूवर लोंबकळत रस्त्यावर आपटत आली. शेवटी गाडी एका गादीवाल्याच्या आवारात शिरली आणि कापसाच्या ढिगात जाऊन थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चौघी बाहेर आल्या त्या हसून हसून धड उभ्या राहू शकत नव्हत्या. मग त्यांनी ती गाडी ढकलत ढकलत आणून जागेवर लावली.

संध्याकाळी मोठ्या मास्तरांना बंपर चेपलेला दिसला. घरात गाडीशी चाळे करणारं माणूस एकच होतं, सतरा वर्षांचे धाकटे मास्तर. त्यांना कुणी काही विचारलंच नाही. वर्षभर स्टिअरिंगला हात लावायचा नाही आणि रोज पहाटे उठून शाळेच्या सगळ्या गाड्या धुवायच्या, अशी शिक्षा झाली. आत्या उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिली, आणि तो उद्या चौतीस वर्षं लांबला.

भिंगरीला तिने हे सांगितलं ते केवळ दया आली म्हणून. पोरगी तिसऱ्यांदा नापास होऊन गच्चीत रडत बसली होती. मोठीमोठी माणसंही कशी चुकतात हे ऐकून तिला बरं वाटेल, एवढाच आत्याचा हेतू. कुणाला सांगणार नाहीस असा शब्दही तिने घेतला होता. भिंगरीने शब्द पाळला. तिने कुणाला सांगितलं नाही, फक्त छापलं.

"माझा पहिला प्रश्न," धाकटे मास्तर म्हणाले, "यात आम्ही म्हणजे कोण?"

वर्गाच्या मधोमध रस्ते रंगवलेलं एक मोठं टेबल होतं आणि त्यावर खेळण्यातल्या गाड्या. धाकटे मास्तर त्या टेबलाशी गेले. त्यांनी एक निळी गाडी उचलली, टेबलाच्या एका बाजूखाली दोन वह्या सरकवून उतार केला आणि कविता लावून बघायला सुरुवात केली. गाडी इथे. दिवा इथे. आता पाय खिडकीबाहेर, ठीक. डोकं त्याच्याही बाहेर. मग स्टिअरिंगवर कोण? पायसुद्धा बाहेर, म्हणजे क्लच कोण दाबतंय? हे एका माणसाचं काम नाही, आत दुसरं कुणीतरी आहे, चालवणारं, आणि तो कोण हे या मुलीने शिताफीने लपवलंय. निळी गाडी एवढ्यात आपणहून घरंगळली आणि टेबलावरून खाली पडली. कुणी उचलायला गेलं नाही.

भावजय, म्हणजे भिंगरीची आई, इतका वेळ मुलीच्या बाजूने बसली होती. तिने शांतपणे सांगितलं की हिला गाडी धड सुरूसुद्धा करता येत नाही, ही कुठून उतारावरून येणार. पण मग तिने मासिक हातात घेतलं, बोट लावत लावत नवव्या ओळीवर आली आणि तिचा चेहरा बदलला.

"आरशात आई दिसली म्हणजे काय गं? मी सारखी तुझ्या मागावर असते, असं म्हणायचंय का तुला?"

एवढं म्हणून ती उठली आणि नवऱ्याच्या बाजूच्या बाकावर जाऊन बसली. भिंगरीच्या बाजूला आता कुणीच उरलं नाही. आत्याला वाटलं आपण उठून तिथे जावं, पण ती चप्पल शोधायला बाकाखाली वाकली.

याच घटकेसाठी मोठ्या मास्तरांनी प्राध्यापक जावयांना बोलावून घेतलं होतं. ते कॉलेजात आधुनिक कविता शिकवत आणि या घरात त्यांना आजवर कुणी काही विचारलेलं नव्हतं. दरवाजा नीट ओढून घ्या, यापलीकडे सासरे त्यांच्याशी बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आज ते इस्त्रीचा शर्ट घालून, तीन जाड पुस्तकं काखेत मारून आले होते. फळ्यावर समांतर पार्किंगची आकृती होती. ती पुसायची परवानगी मिळाली नाही, म्हणून त्यांनी तिच्यावरच बाण काढायला सुरुवात केली.

त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. पूर्वी कवीला तारुण्य बेफिकीर आहे असं म्हणायचं असेल तर तो वारा आणायचा, पाखरू आणायचं. आजच्या कवीला ते पुरत नाही. आज तो तरुणांना वस्तू गिळायला लावतो, दिवे प्यायला लावतो, कारण आजचं तारुण्य नियम मोडत नाही, ते नियम पोटात घालतं. आणि पोटात गेलेला नियम पचत नाही, तो खडखडतो. पहिल्या दोन ओळींत या पिढीचं सगळं दुखणं आलंय. हे सांगताना त्यांच्या हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले.

"पण मग आम्ही म्हणजे कोण?" धाकट्या मास्तरांनी पुन्हा विचारलं.

"आम्ही म्हणजे एक अख्खी पिढी."

"अख्खी पिढी बसणार नाही," मोठे मास्तर म्हणाले. "पाच जणांची परवानगी असते."

प्राध्यापकांनी ते कानाआड केलं. ब्रेक म्हणजे लोखंडाचे ब्रेक नव्हेत, हे पहिल्यांदा समजून घ्या, असं त्यांनी विनवलं. ब्रेक म्हणजे थांबवणारी सत्ता. ब्रेक म्हणजे, इथे त्यांनी फळ्यावरच्या पार्क केलेल्या गाडीभोवती वर्तुळ काढलं, बाप.

धाकट्या मास्तरांनी वर्तुळावर बोट ठेवलं. "म्हणजे हिने मला गिळलंय."

"अंशतः," प्राध्यापक म्हणाले.

"आणि पोटात खडखडतात ते हे?" भावजयीने नवऱ्याकडे एकदा नीट बघितलं. "ते मात्र बरोबर वाटतं."

भिंगरी आज पहिल्यांदाच बोलली, आणि तेही आईशी. ती ओळ तक्रारीची नाही, असं ती म्हणाली. गाडीच्या आरशावर लिहिलेलं असतं ना, वस्तू दिसतात त्याहून जवळ असतात, ते वाचलं की मला तूच आठवतेस, त्यात वाईट काय आहे. भावजयीने मासिक उचलून पुन्हा डोळ्यांसमोर धरलं, ते बराच वेळ खाली आलं नाही. ते आलं तेव्हा तिचं नाक लाल झालेलं होतं आणि ती परत मुलीशेजारी येऊन बसली. बाकी काही असो, या दोन ओळी पोरीच्या स्वतःच्या होत्या आणि त्याच सगळ्यांत चांगल्या होत्या, हे आत्याला कबूल करावं लागलं.

राहिला कापूस. प्राध्यापकांनी तो शेवटी राखून ठेवला होता. कापूस म्हणजे ढग, कापूस म्हणजे कूस, कापूस म्हणजे दवाखान्यातली मलमपट्टी, असे त्यांनी तीन बाण काढले. इथे कविता वास्तवाचा हात पूर्णपणे सोडते. गाडी कापसात उतरते, हे या पृथ्वीवर घडणं शक्य नाही, आणि शक्य नाही म्हणूनच ती खरी आधुनिक प्रतिमा आहे. धाकट्या मास्तरांनाही हे पटलं. बाकीच्या ओळींबद्दल आपल्याला शंका आहे पण कापूस नक्कीच प्रतिमा असणार, असं त्यांनी मान्य केलं. सगळी कविता शब्दशः धरणाऱ्या घराने एकच ओळ कल्पना म्हणून सोडून दिली, आणि नेमकी ती शब्दशः घडलेली होती. आत्याने रुमालाने मानेवरचा घाम टिपला.

"कापूस पिंजलेला होता का?" मोठ्या मास्तरांनी विचारलं.

"त्याने अर्थात फरक पडत नाही," प्राध्यापक म्हणाले.

"रेडिएटरला पडतो," मोठे मास्तर म्हणाले आणि पुन्हा कागदाकडे वळले.

तरीही एकूण रंग बदलला होता. धाकटे मास्तर बसले होते ते जरा सैल बसले होते. भावजयीने फॉर्म पिशवीतून काढून हलकेच टेबलावर ठेवला. म्हणजे यातलं काही घडलेलं नाही, सगळं नुसतं मनातलं, असं असेल तर आपण पुन्हा विचार करू, असं धाकटे मास्तर म्हणाले. फक्त एक शेवटची शंका. न घडलेलं इतकं नेमकं लिहिता येतं का?

प्राध्यापकांनी नुसतं हो म्हणायचं होतं. पण बावीस वर्षांत सासुरवाडीच्या माणसांनी त्यांना विचारलेला हा पहिला चांगला प्रश्न होता आणि माणूस चांगल्या प्रश्नापुढे वाहवत जातो. छे छे, ते म्हणाले, अनुभूतीशिवाय अशी प्रतिमा सुचणं केवळ अशक्य. पाय बाहेर काढणं कुणालाही सुचेल, पण स्वतःची नंबरप्लेट स्वतःच्या मागे धावते, हे खुर्चीत बसून येत नाही. त्या गाडीत कुणीतरी होतंच. आपण काय बोलून बसलो हे त्यांना कळलं तेव्हा धाकटे मास्तर उभे राहिले होते.

"तू होतीस?"

"नाही," भिंगरी म्हणाली.

"मग कोण होतं?"

"नाही सांगणार. मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

शब्द दिलाय म्हटल्यावर धाकट्या मास्तरांच्या डोळ्यांसमोर जो उभा राहिला तो अर्थातच कुणीतरी केस वाढवलेला मुलगा होता, एका हाताने गाडी चालवणारा. ते ओरडले नाहीत. हा फॉर्म जाणार नाही, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं आणि तो टेबलावरून उचलून खिशात घातला. भावजय काही म्हणू लागली, तिला त्यांनी हाताने थांबवलं. प्राध्यापक फळा पुसायला लागले, कुणी सांगितलं नसताना.

भिंगरी ठीक आहे म्हणाली. वर्षभर ती ज्या गोष्टीसाठी जीव टाकत होती ती गेली होती, आणि ती ठीक आहे म्हणून आपली चप्पल पायात सरकवत होती. सगळ्यात वाईट हे की तिने एकदाही शेवटच्या बाकाकडे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आत्याने कदाचित मान खाली घातली असती. पण पोरीने सांभाळून घेतलं, आणि चौतीस वर्षांत दुसऱ्यांदा आत्याच्या वाटची शिक्षा दुसरं कुणीतरी घेत होतं. आत्याला स्वतःची इतकी शरम वाटली की ती उठून उभी राहिली.

"ते ब्रेक माझे आहेत," ती म्हणाली.

प्राध्यापक डस्टर हातात घेऊनच वळले. त्यांचे डोळे चमकत होते. पाहा, ते म्हणाले, वाचक जेव्हा कवितेत स्वतःला पाहू लागतो, तेव्हाच कविता पूर्ण होते.

"मी त्या गाडीत होते."

"आपण सगळेच त्या गाडीत आहोत," प्राध्यापक भारावून म्हणाले, आणि या खेपेला धाकट्या मास्तरांनीही मान हलवली.

"जावईबापू, तुम्ही जरा गप्प बसा," आत्या म्हणाली. "मी चालवत होते. टेकडीवरून आपली पहिली गाडी मी खाली आणली, तीन मैत्रिणींना घेऊन. ब्रेक लागले नाहीत. गादीवाल्याच्या आवारात जाऊन थांबली. आणि पिंजलेला होता, बाबा."

प्राध्यापक बसले. ते भिंतीकडचा बाक चुकले आणि शेजारच्या एका खोक्यावर बसले, पण कुणाचं लक्ष नव्हतं. मोठ्या मास्तरांनी खणातून चुकांचा एक नवा कोरा कागद काढला, सरळ करून पुढ्यात ठेवला आणि चाचणीला बसलेल्या कुठल्याही उमेदवाराला विचारावं तसं विचारायला सुरुवात केली.

"ब्रेक लागत नाहीत हे कळल्यावर काय केलंस?"

"तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात आणली."

"पहिल्यात?"

"पडला नाही."

"हँडब्रेक?"

"ओढला. तुटून हातात आला. मग तसाच परत खोचून ठेवला."

मोठ्या मास्तरांचं पेन थांबलं. त्या हँडब्रेकवरून आपण मेकॅनिकशी आठ वर्षं बोललो नव्हतो, असं ते म्हणाले. मग त्यांनी खुणा मोजल्या आणि कागद बाजूला ठेवला. रेडिएटरच्या जाळीतून आपण बोटाने कापूस उकरून काढला होता, तो मुठीएवढा निघाला, आणि तेव्हाही आपल्याला प्रश्न पडला होता की या पोराला कापूस कुठे भेटला. पण विचारलं नाही. हे ते कुणाकडेच न बघता बोलत होते. त्यानंतर त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"मी तुला विचारलं नव्हतं."

"नाही विचारलंत," धाकटे मास्तर म्हणाले.

"विचारायला हवं होतं. चुकलो मी."

मोठ्या मास्तरांच्या तोंडून हे वाक्य या वर्गात तर नाहीच, पण जगात कुठे कुणी ऐकलेलं नव्हतं. भावजय नकळत उठून उभी राहिली. मास्तरांनी घसा साफ करून निकाल सांगून टाकला. शाळा पुढच्या महिन्यात आत्याच्या हाती जाणार नाही. ती उद्यापासून वर्षभर पहाटे उठून गाड्या धुवेल, मग बघू. तोवर धाकटे शाळा बघतील. आत्या हो म्हणाली. तिला वाटलं होतं आपलं सगळं गेलं असं वाटेल, पण तसं काही झालं नाही. उलट कितीतरी वर्षांनी तिला सपाटून भूक लागली होती.

फक्त भाऊ अजून तिच्याकडे बघत नव्हता. तो खाली पडलेली निळी गाडी उचलून तिची चाकं फिरवत बसला होता, एक्कावन्न वर्षांचा माणूस. आत्या त्याच्या समोरच्या बाकावर येऊन बसली.

"मी रोज सांगणार होते," ती म्हणाली.

"किती वेगात होतीस?"

"काटा चालत नव्हता. पण खूप."

"चौघी होतात?"

"चौघी."

"हसत होतात?"

इथे खोटं बोलावं असं आत्याला फार वाटलं. "खूप," ती म्हणाली. "पोट दुखेपर्यंत."

धाकट्या मास्तरांनी मान डोलावली. पहाटे गार पाण्यात हात घातला की मी रोज आठवायचा प्रयत्न करायचो, असं ते सांगू लागले, की मी नक्की केलंय तरी काय. दोनेक महिन्यांनी वाटायला लागलं, केलंच असणार काहीतरी, त्याशिवाय का बाबा असं वागतील. मग मी जपून राहायला लागलो. इतक्या वर्षांनी आपल्याला याचं वाईट वाटतंय याचंच त्यांना नवल वाटलेलं दिसलं. आत्याने त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही, पण धरलाही नाही. तेवढं आत्याला पुष्कळ झालं.

मग त्यांनी खिशातून फॉर्म काढला, मांडीवर ठेवून घडी मोडली आणि म्हणाले, "ताई, पेन दे."

सही करून झाल्यावर त्यांनी भिंगरीला जवळ बोलावलं. ती आली आणि घाबरून उभी राहिली, कारण वडील इतके गंभीर चाचणीच्या दिवशीही नसत.

"जा तू," ते म्हणाले. "पण तिथे गेल्यावर आधी स्वतः काहीतरी कर आणि मग त्यावर लिही. मजा दुसऱ्याने करायची आणि आपण नुसतं मागून निस्तरत बसायचं, हे मी एक वर्ष करून पाहिलंय. त्यात काही राम नाही."

अहो, बापाने मुलीला सांगायची ही गोष्ट आहे का, असं भावजयीने विचारलं.

"आहे," धाकटे मास्तर म्हणाले, आणि टोपण लावून पेन बहिणीला परत दिलं.